कॉलनीची हवा

अण्णांच्या लॅपटॉपच्या पंख्यातून बारा वर्षांपूर्वीची हवा येत असे.

ती साखर कारखान्याच्या कॉलनीतली हवा होती. अण्णा म्हणजे माझे वडील, शिवलिंग हेरवाडे. कारखान्याच्या प्रयोगशाळेचे ते प्रमुख होते. निवृत्तीला थोडी वर्षं उरली असताना त्यांनी हा लॅपटॉप घेतला आणि क्वार्टरच्या पुढच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलावर ठेवला. पुढे ते निवृत्त झाले, कारखाना बंद पडला, आम्ही कोल्हापुरात फ्लॅट घेतला आणि इथे आल्यावर आई गेली. लॅपटॉप चालू राहिला. त्याला बारा वर्षं झाली आणि तेव्हापासून पंखा फिरू लागला की बाजूच्या जाळीतून कॉलनीची हवा यायची.

पहिल्यांदा आला तो लसणाच्या फोडणीचा वास. मी अजून गॅसही पेटवला नव्हता. अण्णा पेपर वाचत होते. त्यांनी उठून स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं, मग खिडकीशी गेले, मग जिन्यात, आणि शेवटी लॅपटॉपच्या जाळीपुढे नाक नेऊन उभे राहिले. "गिरिजाची आमटी," ते आईचं नाव घेऊन म्हणाले, आणि पुन्हा पेपर वाचायला बसले. त्या दिवशी ते पेपर बराच वेळ वाचत होते, पण पान उलटलं नाही.

अण्णा केमिस्ट असल्यामुळे त्यांनी खात्री केल्याशिवाय काही मानलं नाही. दिवाळीच्या आधी पंख्यातून चुन्याचा आणि ऑइलपेंटचा वास आला, तेव्हा क्वार्टरला रंग दिला होता ते साल त्यांना आठवलं आणि फरक बारा वर्षांचा आहे हे पक्कं झालं. दसऱ्याच्या झेंडूचा वास दसऱ्यालाच आला. त्यावरून हवा तारखेप्रमाणे नव्हे, तिथीप्रमाणे येते हेही कळलं. गळीत हंगाम सुरू झाला तसा मळीचा वास येऊ लागला, तो गोडसर, आंबूस, डोक्यात बसणारा वास. कॉलनीत राहत होतो तेव्हा पाहुणे नाकाला रुमाल लावायचे आणि आम्हाला तो वास येतच नसे. आता तो येत होता आणि आम्ही दोघं तो छातीभर घेत होतो. आई न्हायची त्या दिवशी शिकेकाईचा वास यायचा. मग अण्णा कुणाचा फोन घेत नसत.

पंखा फिरायचा तर यंत्र तापायला हवं. त्यासाठी अण्णा संगणकाशी बुद्धिबळ खेळू लागले, तेही सगळ्यांत अवघड पातळीवर. यंत्राला खूप विचार करावा लागला की ते तापतं. अण्णा रोज हरायचे. हरण्याचं त्यांना काही वाटत नव्हतं, लवकर हरलो तर मात्र चुटपुट लागायची.

मळीचा वास जिन्यात जाऊ लागला तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी पेंडुरकर आले. त्यांनी चपला बाहेर काढल्या, लॅपटॉपपुढे बसून वास घेतला आणि ही हवा घरगुती वापराची आहे की व्यवसायाची, असं विचारलं. घरगुती, अण्णा म्हणाले. बाहेरच्या गावची वस्तू आत आणायला हरकत नाही, पेंडुरकर म्हणाले, बाहेरच्या सालच्या वस्तूबद्दल नियमांत काही नाही. थोडा विचार करून त्यांनी निर्णय दिला की हवा जर सभासदाच्या आधीच्या घरातली असेल तर ती घरसामान धरायची, फक्त दार लावून घ्यायचं. जाताना त्यांनी शिपायासारखं ताठ उभं राहून आणखी एकदा वास घेतला. त्यांचं लहानपण गूळ गाळणाऱ्या गावात गेलं होतं, असं त्यांनी दारात सांगितलं.

या माघात लॅपटॉप आजारी पडला. पंखा खडखडू लागला, आणि बुद्धिबळाचा डाव रंगात आला की यंत्र तापून आपलं आपण बंद पडायचं. मी एका कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत काम करते. असली दुखणी मी रोज बघते. पंखा बदलला नाही तर एक दिवस आतला मुख्य बोर्ड जळेल, मग काहीच उरणार नाही, असं मी अण्णांना सांगितलं. मी नवा पंखा आणला, जास्तीची रॅम आणली आणि जुन्या हार्ड डिस्कच्या जागी बसवायला एसएसडीही आणली. रॅम आणि डिस्क बदलायला अण्णा तयार झाले. पंख्याला त्यांनी हात लावू दिला नाही. नुसता साफ कर, म्हणाले.

रविवारी सकाळी आम्ही जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली. मी लॅपटॉप पालथा घातला. स्क्रू लहानमोठे असतात, कुठला कुठे लागतो हे विसरायला होतं, म्हणून मी इडलीपात्र घेतलं आणि ज्या कोपऱ्यातला स्क्रू त्या बाजूच्या खळग्यात टाकत गेले. झाकण उघडल्यावर आधी बॅटरीची जोडणी सोडवली. रॅमच्या दोन्ही बाजूंचे चिमटे बाजूला केले तशी पट्टी आपोआप वर उचलली गेली. नवी पट्टी तिरकी सरकवून दाबली, खट् आवाज आला. डिस्क बदलणं त्याहून सोपं होतं.

पंख्याच्या पात्यांवर धूळ होती. ती आमच्या घरातली करडी धूळ नव्हती. काळी, हलकी, चिपाडांची राख होती ती, कारखान्याच्या धुराड्यातून कॉलनीवर उडणारी. आई वाळत घातलेल्या साड्या झटकताना हिच्यावरच चिडायची. अण्णांनी चिमूटभर राख बोटांत चोळली. अजून चुरचुरते, म्हणाले. मी ब्रशने पाती साफ केली, प्रोसेसरवरची वाळून गेलेली पेस्ट कापसाने पुसली, तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावली आणि झाकण बसवलं.

लॅपटॉप सुरू झाला. पंखा खडखडत होताच, पण वाट मोकळी झाल्यामुळे हवा आता भरभरून येऊ लागली. खोली कॉलनीने भरून गेली. त्यात मळी होती, ओल्या अंगणाचा वास होता, शेजारच्या क्वार्टरमधली भाजलेली मिरची होती. अण्णांनी लगेच हणबर काकूंना फोन केला. भाजलेली मिरची त्यांचीच होती.

हणबर काकू कॉलनीत आमच्या भिंतीला भिंत लावून राहायच्या. आता त्या मुलाकडे, इथून जवळच असतात. दुपारी त्या आल्या, लॅपटॉपपुढे खुर्ची ओढून बसल्या आणि डोळे मिटून घेतले. बराच वेळ त्या नुसत्या वास ओळखत राहिल्या. ही माझी चटणी. हे तुमच्या दारातलं तुळशीचं पाणी. मग अण्णा सहज म्हणाले की पौर्णिमा आता चार दिवसांवर आली, होळीला यातून गिरिजाच्या पुरणपोळीचा वास येईल. ते त्या दिवसाची वाट बघत होते हे मला तेव्हा कळलं. त्यांनी नवा शर्टही इस्त्री करून ठेवला होता.

"त्या शिमग्याच्या आधी गिरिजाला किती त्रास झाला होता," काकू डोळे न उघडता म्हणाल्या.

कसला त्रास, असं मी विचारलं. मी तेव्हा शिकायला पुण्यात होते. काकूंनी सांगितलं की आईला पुढच्या खोलीत कोंडल्यासारखं व्हायचं. खिडकी सताड उघडी असली तरी खोलीत हवाच नाही म्हणायची. खुर्ची उचलून बाहेर ओट्यावर येऊन बसायची. डॉक्टरांनी छाती तपासली, काही निघालं नाही. कारखान्याच्या सुताराने खिडकी मोठी करून दिली, तरी तेच. पडदासुद्धा टेबलाकडे ओढला जायचा, काकू म्हणाल्या, बाहेर वारा नसताना. आणि होळीच्या चार दिवस आधी तर तिला इतकं गुदमरलं की ती काकूंच्या घरी येऊन बसली.

अण्णा ऐकत होते. त्यांनी सगळी नोकरी एकाच गोष्टीवर केली होती. उसातून जेवढी साखर आत येते, तेवढीच कुठे ना कुठे सापडली पाहिजे. पोत्यांत नसेल तर मळीत असेल, मळीत नसेल तर चिपाडांत. काहीही नुसतं नाहीसं होत नाही आणि काहीही नुसतं येत नाही.

त्यांनी हात लांब केला आणि लॅपटॉपचं बटण दाबून धरलं. पंखा खडखडत थांबला.

"ती तिथे बसलीय, सुनेत्रा," ते म्हणाले. "आणि आपण इथे तिची हवा ओढतोय."

काकूंनी पदराने चेहरा पुसला. मग अण्णांनी त्यांना विचारलं की तिचा हा त्रास पुढे कधी थांबला. त्यांना स्वतःला ते आठवत नव्हतं. हंगामात ते दिवसदिवस कारखान्यातच असायचे. काकूंना आठवत होतं. होळीच्या आदल्या दिवशी गिरिजा त्यांच्याकडे पुरणयंत्र मागायला आली होती आणि म्हणाली होती की दोन-तीन दिवस झाले, मोकळं वाटतंय. त्यानंतर तिने कधी तक्रार केली नाही.

"म्हणजे आपण पंखा बदलला," अण्णा म्हणाले.

मी अजून बदलला नव्हता, पण त्यांचं बरोबर होतं. काकू गेल्यावर मी त्यांना म्हटलं की होळी चार दिवसांवर आहे, लॅपटॉप तोपर्यंत बंद ठेवू. होळीला अगदी थोडा वेळ लावू, पुरणापुरता. तेवढ्याने तिला काही होणार नाही, खिडकी उघडी आहे. पंखा उलटा नाही का बसवता येणार, त्यांनी विचारलं, म्हणजे इथली हवा तिकडे जाईल. मी पंखा त्यांना दाखवला. त्याचा साचाच असा असतो की तो उलटा बसत नाही. त्यांनी तो हातात घेऊन फिरवून पाहिला आणि पटल्यावर मान हलवली.

"मग काढ," ते म्हणाले. "पुरण वाटताना माणसाला दम लागतो. तेव्हा हवा हवी असते."

होळीच्या दोन दिवस आधी मी संध्याकाळी पुन्हा चादर अंथरली, इडलीपात्र घेतलं. शेवटचं एकदा लावून बघू का, असं मी विचारणार होते. अण्णा टेबलाच्या पलीकडे बसले होते, त्यांनी आधीच नकारार्थी मान हलवली. पंखा तीन स्क्रूंवर असतो आणि त्याची तार बारीक असते, ती ओढायची नसते, नखाने टोक वर उचलायचं असतं. मी ते उचललं. जुना पंखा निघाला. त्याच्या पोकळीत राखेचे दोन-चार कण होते, तेही मी पुसले. नवा पंखा बसवला, तार जोडली, झाकण लावलं. अण्णांनी जुन्या पंख्याची तार कात्रीने मुळापासून कापली, चुकूनही कुणी तो फिरवू नये म्हणून. मग त्यांनी तो हातरुमालात गुंडाळला आणि कपाटात आईच्या शालीखाली ठेवला.

नवा पंखा आवाज करत नव्हता. त्यातून आमच्याच खोलीतली हवा यायची, तिला कसलाच वास नव्हता. अण्णा बुद्धिबळाची सोपी पातळी खेळले, जिंकले आणि लॅपटॉप मिटून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बराच वेळ खिडकीत उभे होते. काय बघताय, मी विचारलं. काही नाही, म्हणाले, आता ती पुरणयंत्र आणायला गेली असेल.

होळीला मी पुरण घातलं. आईसारखं होत नाही, पण होतं. अण्णा नवा शर्ट घालून पुढच्या खोलीत बसले होते, लॅपटॉप टेबलावर मिटलेला होता. पहिली पोळी तव्यावर टाकली तेव्हा त्यांनी मला हाक मारली. आवाज जरा बसल्यासारखा वाटला म्हणून मी उलथनं हातात घेऊनच बाहेर गेले.

खोलीत कोंदट होत होतं. खिडकी उघडी होती, समोरच्या नारळाचं पातंही हलत नव्हतं आणि आमचा पडदा आतल्या बाजूला, लॅपटॉपकडे ओढला गेला होता. त्याचा कोपरा बाजूच्या जाळीला चिकटला होता. मी पडदा सोडवला. तो पुन्हा तिकडेच गेला.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बारा वर्षांनी या फ्लॅटमध्ये कोण असेल आणि कोण नसेल, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. तेव्हा मी अण्णांची हवा ओढणार नाही, सगळं माहीत असताना तर नाहीच, असं मला म्हणायचं होतं. पडदा जाळीला चिकटलेला होता.

मी लॅपटॉप उचलून आत नेऊ लागले. अण्णांनी माझा हात धरला.

"असू दे," ते म्हणाले. "त्या वेळच्या सुनेत्राला घेऊ दे थोडी. मला पुरते."

त्यांनी खुर्ची लॅपटॉपच्या आणखी जवळ सरकवली आणि आरामात टेकून बसले. छाती जरा जोरात वरखाली होत होती, चेहरा मात्र शांत होता. पोळी करपेल, त्यांनी आठवण करून दिली. मी आत जायला वळले तेव्हा म्हणाले, स्वयंपाकघराचं दार लावू नकोस, आणि तूप जरा सढळ हाताने सोड.

मी दार उघडं ठेवलं आणि पोळीवर तूप सोडलं.