बारा फेब्रुवारीचा फळा

वरून आदेश आला. प्रत्येक ग्रामपंचायतीनं रोज फळ्यावर दिनविशेष लिवावा, त्यात एक घटना स्थानिक असावी. फळा कोरा आढळल्यास शिपाई जबाबदार.

तलवाड्याच्या अलीकडल्या वाडीत शिपाई एकच, हनुमान. अठरा वर्षं टेम्परवारी. ग्रामसेवक म्हणले, "फळा नीट ठेव. साहेब खूश झाले तर तुला कायम करायची शिफारस जाईल."

हनुमानानं कॅलेंडरमागून बारा फेब्रुवारीचे लिंकन आन डार्विन उतरवून घेतले. पण दोघातला एकबी वाडीला कधी आलता न्हाई. स्थानिक काय लिवावं? डोकं खाजवत ओढ्यावर गेला, तर वच्छलाकाकू धुणं आपटत हुत्या. दगडावर अक्षरं दिसली.

"काकू, जरा लुगडं सरकवा."

"कावून रे मेल्या?"

"खाली इतिहास हाय."

पुलाचं भूमिपूजन, १२ फेब्रुवारी २००४, शुभहस्ते विजयसिंहदादा. दादांचा वाढदिवस त्याच दिवशी, म्हणून दर खेपेला नारळबी त्याच दिवशी. हनुमान हुडकत सुटला. २००९ ची कोनशिला पंचायतीच्या मोरीची पायरी झालती. २०१४ ची कासमभाईच्या गॅरेजात ट्रकच्या चाकाखाली. २०१९ ची तेवढी उभी, तिला शेळी बांधलेली. पूल मात्र कुठंच सापडला न्हाई.

बारा तारखेला त्यानं समदं खडूनं लिवलं. ग्रामसेवक बघून पांढरेफटक.

"पूस बे ते! दादा यायलेत!"

"कशाला?"

"पुलाच्या भूमिपूजनाला!"

फडकं हुडकंपर्यंत गाड्या दारात. हनुमानाला वाटलं, गेली अठरा वर्षं पाण्यात. दादांनी फळा वाचला. चष्मा पुसून परत वाचला.

"ह्याला म्हणतात पाठपुरावा!" दादा गरजले. "वीस वर्षं एकच पूल धरून बसलेला दुसरा पुढारी दाखवा!"

टाळ्या. दादांसंगं आलेल्या तालुक्याच्या साहेबांनी वहीत शेरा मारला: सातत्य समाधानकारक.

दादांनी हनुमानाच्या खांद्यावर हात ठेवला. "हा गडी आजपासून कायम!" परत टाळ्या. सगळ्यात जोरात हनुमानाच्याच.

वच्छलाकाकू गर्दीतून वरडल्या, "दादा, औंदाचा दगड जरा रुंद आणा. चादर मावत न्हाई!"

गाड्या गेल्यावर हनुमानानं फळ्यावर खाली लिवलं: हनुमान कायम. मग त्याला आठवलं, २०१९ लाबी दादांनी ह्याच खांद्यावर हात ठेवून 'आजपासून कायम' म्हणलं हुतं. २०१४ लाबी. तेबी लिवलं.

राहिलं टाळ्या वाजवणाऱ्यांचं. ती नावं एकट्यानं लिवायचं काम न्हाई, म्हणून त्यानं खाली जागा सोडलीय. येता-जाता आपापलं लिवून जा. खडू खिडकीत हाय.