घोट्यावरचं पिस्तूल

कर्टिस लिंडेलशी लग्न करायला टेसाने हो म्हटलं होतं. टेसाच्या भावाने हो म्हटलं होतं, तिच्या मावशीने तर तिला विचारायच्या आधीच हो म्हटलं होतं. उरल्या होत्या फक्त तिच्या आई, मॅक्सीनबाई. आणि आईने हो म्हटल्याशिवाय आपण चर्चची पायरी चढणार नाही, हे टेसाने कर्टिसला अंगठी बोटात घालतानाच सांगून टाकलं होतं.

"होकार मागायला सोफ्यावर कशाला बसायचं," मॅक्सीनबाई लेकीला म्हणाल्या होत्या. "सोफ्यावर सगळेच शहाणे असतात. शनिवारी मॅचला घेऊन ये त्याला."

मॅच म्हणजे पिस्तुलाची. मिसुरीतल्या त्या डोंगराळ भागात महिन्याच्या एका शनिवारी निम्मा गाव क्लबच्या मैदानावर असतो. लाकडी भिंतींच्या आडून पळत जायचं, पुठ्ठ्याचे निशाणे आणि लोखंडी तबकड्या टिपायच्या. जो लवकर टिपेल आणि नीट टिपेल तो वरचढ. आणि या सगळ्यावर राज्य मॅक्सीनबाईंचं. आयुष्यभर त्यांनी शाळेची बस चालवली होती. वळणाच्या रस्त्यावर, आरशात बघून, शेवटच्या बाकावरच्या पोराला जागच्या जागी गप्प बसवणारी ती नजर निवृत्तीनंतर मोकळी झाली आणि क्लबच्या वाट्याला आली. नियम मोडला की माणूस बाद. अंगावर भरलेलं पिस्तूल विसरले म्हणून त्यांनी पाद्री ह्यूबर्टना ईस्टरच्या आठवड्यात बाद केलं होतं. शेरीफचा पोलीस लाइल, जो पगार घेऊन पिस्तूल बाळगतो, त्यालाही त्याच चुकीबद्दल केलं होतं. टेसाचा आधीचा मित्र, टेसा बघते आहे ना हे बघायला पिस्तुलासकट मागे वळला होता. तो मैदानातूनही गेला आणि टेसाच्या आयुष्यातूनही गेला.

"घाबरलायस का?" गाडीतून उतरताना टेसाने विचारलं.

"मी? अगं, पिस्तूल माझ्या अंगावर घड्याळासारखं असतं. सकाळी चढवलं की रात्रीच उतरतं."

हे त्याने प्रौढीने सांगितलं खरं, पण आपण काय बोललो इकडे त्याचं अजिबात लक्ष नव्हतं.

सुरुवातीला मॅक्सीनबाईंनी सगळ्यांना गोळा करून नियम सांगितले. इथे प्रत्येकाचं पिस्तूल रिकामं असायचं. भरायचं ते आपली पाळी आल्यावर, त्यांनी सांगितल्यावर. एरवी हात लावायचा नाही. "आणि आता ऐका," त्या म्हणाल्या. "रोजचं, भरलेलं, कुणाच्या अंगावर चुकून राहिलं असेल तर आत्ता सांगा. मी स्वतः सोबत येते, ते ठेवून येऊ, मी एक शब्द बोलणार नाही. पहिली गोळी सुटल्यावर सापडलं तर बाद. मग माझ्यापाशी रडायचं नाही. नवीन कोण आहे?"

कर्टिसने हात वर केला.

"तुझ्याकडे काही आहे?"

"नाही मॅम," कर्टिस खणखणीत आवाजात म्हणाला. तेवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं. पण होणाऱ्या सासूसमोर जावयाला थांबायचं कुठे ते कधीच कळत नाही. "असा वेंधळेपणा करणाऱ्याने पिस्तूल बाळगूच नये, असं माझं मत आहे."

पाद्री ह्यूबर्टनी मान खाली घातली. लाइलने कर्टिसकडे असं पाहिलं, की कधी याची गाडी रस्त्यात अडवायची संधी मिळाली तर तो सोडणार नव्हता. मॅक्सीनबाईंच्या ओठांची कड मात्र किंचित हलली. टेसाने कर्टिसचा हात दाबला. कारण आईच्या चेहऱ्यावर तेवढं हलणं म्हणजे पुष्कळ होतं.

पहिला नेमबाज होता म्हातारा ओडेल. त्याने धडाधड गोळ्या झाडल्या, संपवल्या, आणि रिवाजाप्रमाणे सगळे जण निशाण्यांवरची भोकं चिकटपट्टीने बुजवायला पळाले. बाईंच्या नजरेत भरावं म्हणून कर्टिस सगळ्यांत पुढे. एक निशाणा अगदी जमिनीलगत होता. कर्टिस त्याच्यापुढे गुडघ्यावर बसला, आणि डाव्या घोट्याला काहीतरी कठीण टोचलं.

त्याने सवयीने हात खाली नेला. निम्म्या वाटेत हात थांबला. मग तो हात त्याने असा वर उचलला की शेजारी पट्टी चिकटवणाऱ्या एका बाईने विचारलं, "विंचू आहे का तिथे?"

विंचू असता तर कर्टिसने त्याला मिठी मारली असती. सकाळी बूट घालताना, रोज घालतो तसा, त्याने घोट्याचा पट्टा बांधला होता. पट्ट्यात त्याचं छोटं पिस्तूल होतं. पहिली गोळी सुटून गेली होती. आणि वेंधळ्या लोकांबद्दलचं त्याचं मत अजून लोकांच्या कानात ताजं होतं.

कर्टिसने मनातल्या मनात वाटा शोधायला सुरुवात केली. पिस्तुलाला हात लावला तर बाद. न लावता राहिला आणि कुणाला दिसलं तर बाद. गाडीपर्यंत जाऊन उतरवलं तरी गाडी मैदानातच, म्हणजे तिथेही बादच. त्याने एक बेत केला आणि तो कडेच्या प्लास्टिकच्या संडासात जाऊन कडी लावून उभा राहिला. आत उकाडा आणि वास मी म्हणत होते. विजार वर करून त्याने पिस्तुलाकडे पाहिलं. इथे उतरवायचं, आणि ठेवायचं कुठे? शर्टाखाली? आणि सुटलंच चुकून, तर प्लास्टिकच्या या भिंतीपलीकडे माणसं उभी आहेत. तो शहारला. विजार खाली करून, घामाने निथळत, तो तसाच बाहेर आला. कर्टिस बढाईखोर होता, पण वाईट नव्हता.

आता एकच उपाय उरला. विजार वर जाऊ द्यायची नाही. त्यासाठी डावा पाय न वाकवता चालायचं.

"लंगडतोयस का रे?" ओडेलने विचारलं.

"नाही, नाही."

"लंगडतोयस. गवतातून आलास ना? गोचीड असणार. या दिवसांत घोट्याला धरते ती. बस इथे, विजार वर कर, मी काढतो. माझ्या हाताने दुखत नाही."

"गोचीड नाहीये हो ओडेल. जुनं दुखणं आहे. शाळेत फुटबॉल खेळायचो तेव्हाचं."

"गोचिडीला सगळे असंच काहीतरी म्हणतात," ओडेल म्हणाला, खिशातून चिमटा काढला आणि खाली वाकू लागला. कर्टिस एका पायावर मागे सरकला. ओडेल पुढे. कर्टिस आणखी मागे. असं करत करत दोघे टेसापर्यंत पोहोचले.

"फुटबॉल?" टेसा म्हणाली. "तू तर म्हणालास शाळेत तू बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचास."

"ते नंतर."

"म्हणजे माझ्यापासून लपवलंस? मी नर्स आहे कर्टिस. दाखव बघू गुडघा."

"गुडघा नाही. म्हणजे गुडघाच. पण आता ठीक आहे."

एवढ्यात मॅक्सीनबाई तिथे आल्या. चौकशी चालू असलेल्या ठिकाणी त्या आल्या नाहीत असं गावात कधी झालं नव्हतं. "गुडघा दुखतोय? मग या फेरीत तुला नाही उतरवत. शेवटी भिंतीत अगदी खाली खिडकी आहे, तिच्यातून गुडघ्यावर बसून मारावं लागतं. लंगडा माणूस भरलेलं पिस्तूल घेऊन पडला तर मला नकोय ते."

आजारी म्हणून घरी जायची एवढी सुंदर संधी देवाने पुढ्यात आणून ठेवली होती. कर्टिसने ती घ्यायला तोंडही उघडलं. पण टेसाचा पडलेला चेहरा त्याला दिसला. आज नाही तर पुढच्या महिन्यात. पुढच्या महिन्यात पाऊस, मग गवत कापणी, मग कुणाचं तरी लग्न, आपलं सोडून. "नाही मॅम," तो म्हणाला. "एकदम ठणठणीत आहे."

"मग बसून दाखव."

कर्टिसने दोन्ही हातांनी विजारीच्या कडा घट्ट धरल्या आणि राजदरबारात लवावं तसा हळूहळू खाली बसला. तसाच वर आला. सगळ्या गटाने हे दृश्य पाहिलं. मॅक्सीनबाईंनीही पाहिलं.

"तू नेहमी असाच बसतोस?"

"हो मॅम. विजार नवी आहे."

बाईंनी यादीत पाहिलं आणि म्हणाल्या, "पुढची पाळी तुझी."

कर्टिस रेघेवर जाऊन उभा राहिला. समोर भिंती, पुठ्ठ्याची माणसं, लोखंडी तबकड्या, आणि शेवटी ती खालची खिडकी. तिथे एका हाताने विजार धरून दुसऱ्या हाताने गोळ्या मारणं शक्य नव्हतं. बाई टायमर घेऊन त्याच्या खांद्यामागे हातभर अंतरावर उभ्या होत्या. सबंध फेरीभर त्या तशाच त्याच्यामागून धावणार होत्या. मागे टेसाने दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवली होती.

"भरून घे," बाई म्हणाल्या.

कर्टिसचा हात कमरेच्या मॅचच्या पिस्तुलाकडे गेला नाही. त्याला अचानक फार स्पष्ट दिसलं की खिडकीपाशी आपण गुडघ्यावर बसणार, धावताना ढिला झालेला पट्टा सुटणार आणि दुसरं भरलेलं पिस्तूल या बाईंच्या पायापाशी पडणार. लग्न राहिलं बाजूला. त्याने दोन्ही हात वर केले.

"मॅम," तो न वळता, हळू आवाजात म्हणाला, "माझ्या डाव्या घोट्याला माझं रोजचं पिस्तूल आहे. भरलेलं. मी विसरलो. पट्टी लावताना कळलं."



"कळलं तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"मी ते वेंधळ्या लोकांबद्दल बोललो होतो ना."

"हं," बाई म्हणाल्या. मग बसवाला आवाज लावला. "सगळ्यांनी मागच्या छपरात जा. पाठ करून उभे राहा. टेसा, तूसुद्धा." सगळे गेल्याची खात्री करून त्या कर्टिसला मातीच्या बांधापाशी घेऊन गेल्या, बांधाकडे तोंड करून उभं केलं. "आता हळू. बोट चापापासून लांब. काढ. गोळ्यांचं मॅगझिन बाहेर. आता वरची स्लाइड मागे ओढ आणि दाखव."

कर्टिसने मॅगझिन काढलं. स्लाइड मागे ओढली. एक गोळी बाहेर उडायला हवी होती. काहीच उडालं नाही. बाईंनी आत डोकावून पाहिलं. मग करंगळी घालून पाहिली. मग कर्टिसच्या हातातलं मॅगझिन घेऊन उजेडाकडे धरलं. त्याच्या कडेच्या भोकांतून पलीकडचं आभाळ दिसत होतं.

"गोळ्या कुठायत?"

कर्टिस पिस्तुलाकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरून एकामागून एक महिने सरकले. "थँक्सगिव्हिंगच्या सणाला," तो म्हणाला, "बहिणीकडे गेलो होतो. घरात तिची लहान मुलं. म्हणून मी गोळ्या काढून फ्रिजवर ठेवल्या. पिठाच्या डब्यामागे."

"थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरात होतं."

"हो मॅम."

"आता एप्रिल चालू आहे."

"हो मॅम."

"माझी मुलगी हॉस्पिटलात रात्री उशिरापर्यंत काम करते. तिला गाडीपर्यंत सोडायला तू जातोस. मला म्हणाली, आई, तू काळजी करू नकोस, कर्टिसच्या घोट्याला पिस्तूल असतं."

थंडीचे सगळे महिने कर्टिस त्या अंधाऱ्या पार्किंगमधून छाती काढून चालला होता. एकदा तर झुडपात खसखस झाली तेव्हा टेसाला मागे सारून तो पुढे झाला होता. झुडपातून मांजराएवढा ओपोसम निघाला म्हणून बरं.

"बरं," मॅक्सीनबाई म्हणाल्या. "रिकामं पिस्तूल अंगावर असणं नियमाविरुद्ध नाही. तू बाद नाहीस. चल, तुझी पाळी घे."

सबंध सकाळ कर्टिस या शब्दांसाठी तळमळला होता. आता ते कानावर पडले आणि त्याने छपराकडे पाहिलं. तिथे लाइल पाठ करून उभा होता. पाद्री होते, ओडेल होता. बाद का नाही केलं, हे सगळे विचारणारच. उत्तर द्यावंच लागणार. दुपारच्या जेवणापर्यंत गावातल्या हॉटेलात प्रत्येक टेबलावर तो विषय असणार. भरलेलं पिस्तूल विसरणं इथे चूक होती, पाद्र्यापासून पोलिसापर्यंत सगळ्यांकडून झालेली. पण सगळा हिवाळा रिकामं पिस्तूल बांधून होणारी बायको राखायला निघालेला माणूस या गावाने अजून पाहिला नव्हता. नातवंडं झाली तरी लोक त्याला गोळ्या आठवणीने घे म्हणून सांगणार.

"बाई," तो म्हणाला. मॅमबिम सगळं गळून पडलं होतं. "मला बाद करा."

"कशाबद्दल?"

"भरलेलं होतं म्हणून."

"भरलेलं नव्हतं."

"तेच कुणाला कळू नये."

"म्हणजे मी खोटं बोलू?" मॅक्सीनबाईंचा आवाज चढला नाही, उतरला. "मी माझ्या सख्ख्या भावालासुद्धा इथे सवलत दिली नाही."

बाईंनी कर्टिसकडे पाहिलं, हातातल्या रिकाम्या मॅगझिनकडे पाहिलं, आणि मग छपराकडे. टेसा पाठ करूनच उभी होती, पण तिचे खांदे आवळलेले इथूनही दिसत होते. बाई बराच वेळ त्या खांद्यांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मॅगझिन स्वतःच्या खिशात घातलं, पिस्तूल पट्ट्यात ठेवायला लावलं आणि छपराकडे वळल्या.

"भरलेलं होतं," त्या पलीकडच्या टेकडीपर्यंत पोहोचेल अशा आवाजात म्हणाल्या. "बाद."

छपराखाली हळहळ उठली. पाद्री ह्यूबर्ट चालत आले आणि त्यांनी कर्टिसशी हस्तांदोलन केलं. लाइलने पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "आता माणसात आलास." ओडेलला त्यात एवढाच आनंद झाला की गोचीड नव्हती. आणि कर्टिस, सगळ्या गावासमोर बाद झालेला कर्टिस, गालातल्या गालात हसत होता.

टेसाला मात्र रडू आणि राग एकदमच आले. "आई, त्याने स्वतःहून सांगितलं. स्वतःहून. तरी तुला दया आली नाही. तुला कुणीच नकोय, असं सरळ सांग ना."

"कोण म्हणालं नकोय?" मॅक्सीनबाई टायमर पुसत म्हणाल्या. "तारीख कधीची धरलीय तुम्ही?"

टेसाने डोळे पुसले. "ऑक्टोबर."

"जूनमध्ये करा. याला एवढे महिने मोकळं ठेवण्यात अर्थ नाही." त्यांनी चिकटपट्टीचं बंडल कर्टिसच्या हातात दिलं. "जा, भोकं बुजव. बाद झालेल्याने दिवसभर काम करायचं असतं. आणि टेसा, आज रात्री तुझी पाळी सुटली की गाडीपर्यंत मी पण येते."

"तू कशाला झोपमोड करतेस? कर्टिस असतो ना."

मॅक्सीनबाईंनी कर्टिसकडे पाहिलं. कर्टिसने चिकटपट्टीचं टोक शोधायला सुरुवात केली.

"असतो ना," बाई म्हणाल्या. "मी त्याच्या सोबतीला येते."