बायको मोजण्याची रेघ

माणसाच्या मनात काय आहे, हे मला न विचारता कळतं. फुशारकी नाही, मला पगारच त्याचा मिळतो! आमच्या ऑफिसात लोकांचे स्वभाव मोजतात. मोबाइलवर एक आडवी रेघ येते. एका टोकाला 'मुळीच नाही', दुसऱ्या टोकाला 'अगदी पुरेपूर', आणि रेघेवर एक मणी. प्रश्न वाचायचा आणि मणी वाटेल तिथे सरकवायचा. आता कुणी ऊठसूट टोक गाठतं, कुणी जन्मभर मध्यावर रेंगाळतं. माझं संख्याशास्त्रीय मॉडेल ही सवय बाजूला काढतं आणि उरतो तो खरा माणूस.

तर आमच्या सौभाग्यवतींना दुसऱ्या गावच्या शाळेत मुख्याध्यापिकेची जागा चालून आली. राहायचंही तिकडेच.

"अहो, तुम्हाला काय वाटतं? जाऊ का?" तिने विचारलं.

नको म्हणावं तर मी स्वार्थी ठरतो. जा म्हणावं तर ती खरंच जाते. सरळ माणूस यातलं काहीतरी एक बोलून मोकळा झाला असता. मी म्हणालो, "बघतो," आणि ऑफिसात जाऊन तिला प्रश्नावली पाठवली. या घरात करमतं का? नवऱ्यावाचून अडेल का? वगैरे वगैरे.

एकट्या माणसावर मॉडेल उभं राहत नाही. म्हणून तीच प्रश्नावली आमच्याकडे राहणाऱ्या सासूबाईंना आणि सगळ्या शेजाऱ्यांनाही धाडली. समोरच्या काकूंनी 'नवऱ्यावाचून अडेल का' याचं उत्तर काकांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्या घरात अजून अबोला आहे. सासूबाई मात्र खुशीत होत्या. त्यांचा मणी दर वेळी टोकाला.

"जावईबापू, हा आणखी पुढे जात नाही का हो?"

बायकोचा मणी प्रत्येक प्रश्नाला बरोबर मधोमध. मी आकडे आमच्या ऑफिसातल्या 'सरासरी'ला दाखवले. हे माझ्या एका सहकाऱ्याचं टोपणनाव. त्याने चष्मा पुसला.

"वहिनी एकदम पक्क्या आहेत रे. कुठे हेलकावा म्हणून नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तू असलास काय आणि नसलास काय, त्यांना सारखंच."

मॉडेलही तेच म्हणत होतं. मी हबकलो. संसार हातचा जातोय म्हटल्यावर मी कंबर कसली. भांडी घासली, कपडे वाळत घातले, गळका नळ दुरुस्त केला, सासूबाईंच्या गोळ्या वेळच्या वेळी हातात दिल्या. रोज काहीतरी नवं करायचं आणि लगेच नवी प्रश्नावली पाठवायची. मणी जागचा हलेना. मी इस्त्री करायला शिकलो. तरी मधोमध!

शेवटी आलेखाचा कागद तिच्यापुढे धरला. "इतकं करूनही मी तुला अर्धाच हवा का गं?"

तिने कागद उलटसुलट पाहिला. "कसलं अर्धं? मी मण्याला हातच लावला नाही. तो आधीपासूनच मध्ये होता. मी नुसतं 'पाठवा' दाबत होते."

मी प्रश्नावली उघडून पाहिली, मणी खरंच आधीच मधोमध बसलेला. मणी आधीपासून रेघेवर ठेवायचा नसतो, बोट टेकल्यावरच तो उमटला पाहिजे, नाहीतर न दिलेलं उत्तरही उत्तर म्हणून मोजलं जातं. नव्याने रुजू होणाऱ्यांना हे मी पहिल्याच दिवशी शिकवतो. आवाज चढवून शिकवतो.

"पण तू उत्तर का दिलं नाहीस?"

"प्रश्न मी विचारला होता," ती म्हणाली. "उत्तर तुम्ही द्यायचं होतं."

मग मी मॉडेल बाजूला ठेवलं. "जाऊ नकोस," मी म्हणालो. "मला तुझ्यावाचून करमणार नाही."

तिचे डोळे भरून आले. माझेही. तिने कागदाची घडी घातली.

"हे त्याच दिवशी बोलला असतात तर राहिले असते हो. सकाळीच होकार कळवला मी."

"माझा विचार न करता?"

"तुमचाच तर केला. मागे तुमचं आणि आईचं कसं होईल, या काळजीने पाय निघत नव्हता. पण हल्ली तुम्ही घर इतकं छान सांभाळताय, म्हटलं, आता जायला हरकत नाही."

"निर्धास्त जा गं," सासूबाई आतून म्हणाल्या. "जावईबापूंना आता सगळं येतं."

मी उठलो. इस्त्री तापली होती आणि तिच्या साड्या अजून व्हायच्या होत्या.