हत्तीचा मुक्काम

रविवारी दुपारी हॉलमध्ये मुलं आली, सतरंजी आली, कॉलनीचे अध्यक्ष आप्पासाहेब आले. गोष्ट तेवढी आली नाही.

"गोष्ट कुठंय?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"चतुराच्या आजीकडे, मनकर्णाबाईंच्या घरी," अजरा टीचर म्हणाली. "येईलच इतक्यात."

बजाजनगरातला हा हॉल. सुट्टीत अजरा इथं मुलांना गोष्टी लिहायला शिकवायची. कुणाचे वडील कन्नड तालुक्यातले, कुणाचे बिहारचे, कुणाची नानी जुन्या शहरातली. प्रत्येकाच्या घरची भाषा वेगळी, हॉलमध्ये सगळ्यांची मिळून आणखी एक. पण आप्पासाहेबांच्या मनात हॉल जिमवाल्यांना द्यायचा होता. आज गोष्ट आवडली तर हॉल मुलांचा, नाहीतर डंबेल्सचा.

अजराची रीत अशी, की गोष्ट कागदावर अगदी शेवटी उतरवायची. आधी गोष्ट रोज एकेका मुलाच्या घरी झोपायला जाई. घरच्यांनी तिच्यात भर घालायची, सकाळी मुलानं ती परत आणायची.

सुरुवात तिनंच करून दिली होती. वेरूळच्या लेण्यातला एक दगडी हत्ती. पाठीवर देऊळ घेऊन उभा राहून राहून कंटाळला, हळूच बाजूला सरकला आणि रस्त्याला लागला. देवळाला कळलंही नाही.

पहिला मुक्काम. फारूखकडे.

"मेहमान भुक्का सोता क्या?" म्हणत नानीनं खिचडी आणि चिंचेचा आंबट खट्टा वाढला. हत्ती गल्लीत उभा राहून, खिडकीतून सोंड आत घालून जेवला.

दुसरा मुक्काम. रिंकीकडे.

पापांची रात्रपाळी. हत्तीही सोबत गेला, पण कंपनीच्या गेटवर त्याचं कार्ड काही पंच होईना. पहाटे दोघांनी सत्तूचं पीठ पाण्यात घोळून प्यायलं. पापा आडवे झाले. हत्ती उभाच. खोली पुरेना.

तिसरा मुक्काम. चतुराकडे.

इथं गोष्ट अडकली.

चतुरा धापा टाकत हॉलच्या दारात आली. "टीचर, आजी गोष्ट देत नाय!"

"देत नाही म्हणजे?"

"म्हणती, आज आमुशा हाय. आमुशाला पाहुण्याला वाटंला लावतं का कुणी?"

आप्पासाहेबांनी घड्याळ पाहिलं. "अमावास्या असू दे, बाई. जिमवाले संध्याकाळी टेप घेऊन येतायत. हॉल मोजायला."

"मग चला," अजरा म्हणाली. "गोष्ट येत नसेल तर आपण तिच्याकडे जाऊ."

उन्हात वरात निघाली. हत्ती अडकल्याची बातमी पुढं पळाली होती. कोपऱ्यावर नानी डबा घेऊन उभी. रिंकीचे पापा अर्धवट झोपेत सत्तूची पिशवी घेऊन हजर.

मनकर्णाबाई उंबऱ्यात बसून पदरानं वारा घालत होत्या. स्वतःला नव्हे, आतल्या रिकाम्या खोलीला.

"हळू बोला," त्या म्हणाल्या. "आत्ताच डोळा लागलाय."

"आजी, शेवट तेवढा सांगा," अजरा म्हणाली.

"शेवट सांगितला की तो निघाला. आमुशाचा? पोरी, तुमच्यात चालतं का असं?"

अजराला तिची अम्मी आठवली. निघालेल्या पाहुण्याच्या चपला लपवायची. "नाही चालत," ती म्हणाली.

"मेरे कने एकीच रात रहा," नानी पुढं झाली, "तुमारे कने दो कैसे?"

"तुझ्या खट्ट्यानं घसा धरलाय त्याचा!"

"मेरे खट्टे से? नक्को बोलो ऐसा!"

भांडण जोरदार होतं, पण कुजबुजत चाललं होतं. रिंकीच्या पापांनी, सत्तू दिल्यास घसा सुटेल, असं हळूच सुचवलं. पडद्याच्या आडून खोलीत उन्हाची तिरीप हलत होती. आप्पासाहेबांना क्षणभर भिंतीशी काहीतरी करडं, उंच, श्वास घेतल्यासारखं वाटलं.

"उभ्यानंच झोपलाय का?" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"मग काय करंल? देवळाखाली उभा, इथंबी उभाच. आडवं व्हायाला येवढी जागा हाय कुणाकडं?"

सगळ्यांनी आप्पासाहेबांकडे पाहिलं. आप्पासाहेबांचा हात नकळत खिशातल्या हॉलच्या किल्लीवर गेला.

चतुरा अजराच्या कानाला लागली. "टीचर, आजीला शेवट सुचंनाच झालाय. म्हणून ती..."

"शू," अजरा म्हणाली.

डबा उघडला गेला. सत्तू घोळला गेला. पाहुणा झोपलाय म्हणून त्याच्या वाटचं सगळ्यांनी खाल्लं. ऊन कधी उतरलं कळलं नाही. कंपनीचा भोंगा झाला, आणि शेडच्या मागून चंद्र वर आला. परातीएवढा. पुरता गोल.

मनकर्णाबाईंनी घाईनं तोंड फिरवलं. बाकीच्यांनीही जमिनीकडं पाहिलं.

तेवढ्यात आप्पासाहेबांचा फोन वाजला. पलीकडचा जिमवाला सगळ्या गल्लीला ऐकू येईल एवढ्यानं ओरडत होता, "सायेब, हॉलपाशी थांबलोय! किल्ली?"

आप्पासाहेबांनी चंद्राकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हॉल नाय मिळायचा," ते म्हणाले. "पाहुणा उतरतोय तिथं... नाय, आज नाय उतरत. आज आमुशा हाय ना... अन् जरा हळू बोला की, राव. झोपलाय."