दहाचं नाणं, शिडाची नाव

"आज पाहशीलच तू! यानंतर त्या श्रीपादचे सिंगापूरचे फोटो कोणी पाहिले, तर नाव बदलून टाकीन!"

बँकेतून निवृत्त झालेले अच्युतराव बायकोला ऐकवत आरशासमोर गरजत होते. मंडळाच्या वर्धापनदिनी बोलायचा मान दरवर्षी श्रीपाद पटकावायचा, तेच सिंगापूरचे फोटो दाखवायचा आणि अच्युतराव पहिल्या रांगेत बसून दातओठ खायचे. यंदा मान त्यांचा! विषय, स्वतंत्र भारताची नाणी आणि नोटा. सोबत आयुष्यभर जमवलेल्या अल्बमचं प्रदर्शन. त्यात नया पैसा होता, चौकोनी पाच पैसे होते, वाघाची दोनाची नोट होती, मोरांची दहाची होती. आणि शिडाच्या नावेची दहाची! तिला तर बायकोनंही हात लावलेला खपायचा नाही.

मंडळात जाताना वाटेत बूढापारा भागात बायकोला, शर्मिष्ठाबाईंना, तहान लागली. विकीच्या टपरीवर पाण्याची बाटली घेतली. अच्युतरावांनी ऐटीत दहाचं नाणं पुढे केलं.

"सर, दस का सिक्का नहीं चलता."

झालं! अच्युतरावांच्या मस्तकात तिडीक गेली. या शहरात दहाच्या नाण्याला कुष्ठरोग झाल्यासारखे लोक हात मागे घेतात, हे त्यांचं जुनं दुखणं.

"कैसे नहीं चलता? सरकार ने ढाला है, तेरे ससुर ने नहीं!"

"अहो, काहून भांडून राहिले त्याच्याशी?" शर्मिष्ठाबाई म्हणाल्या. "फोननं देते न मी!"

"तू चूप! फोन-बिन काही नाही. हा तत्त्वाचा प्रश्न आहे!"

आणि अच्युतराव विकीच्या बाकड्यावर चढले. मंडळासाठी राखलेलं व्याख्यान तिथंच सुरू झालं. आणे गेले आणि नवे पैसे आले तेव्हाही असेच अडाणी रडले होते, हे त्यांनी सांगितलं. गर्दी जमली. गर्दी दिसली की या माणसाचा तोल जातो.

"गँवार हो सब के सब! मैं तो आँख मूँदकर लेता हूँ! जितने दोगे, उतने लूँगा!"

हे शेवटचं वाक्य नडलं.

"हव साहब? त मोरो ला ले लव!" मग माझीही घ्या, म्हणत भाजीवाल्या अंजनाबाईंनी कनवटीची पुरचुंडी सोडली. कोणी घेत नाही म्हणून साठलेली दहाची नाणी खळ्ळकन अच्युतरावांच्या ओंजळीत! मग काय, जो तो खिसे उलटे करायला लागला. घराघरांत अडकलेली नाणी सरकारदरबारी जमा व्हावीत तशी अच्युतरावांच्या पिशवीत पडू लागली. बदल्यात पाकिटातल्या नोटा भराभर गेल्या.

"बस! नोट खत्म!" अच्युतराव ओरडले.

विकीनं त्यांच्या काखेतल्या अल्बमकडे बोट दाखवलं. "वो क्या है सर?"

"वो... वो तो प्रदर्शनी का है."

"मतलब, नहीं चलता?"

गर्दी आणखी पुढे सरकली. 'चालत नाही' म्हणावं, तर भाषण पाण्यात. 'चालतं' म्हणावं, तर अल्बम पाण्यात. शहाणा माणूस खाली उतरून घरी गेला असता. पण अच्युतराव शहाणे असते तर बाकड्यावर चढलेच नसते!

"चलता क्यों नहीं? कानूनन चलता है!" ते रडवेल्या आवाजात गरजले.

वाघ गेला. मोर गेले. शेवटी शिडाची नाव विकीच्या गल्ल्यात, गुटख्याच्या पुड्यांशेजारी जाऊन पडली. अच्युतरावांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. उरला फक्त नया पैसा आणि त्याची बंद पडलेली भावंडं. ती कोणी मागितलीच नाहीत.

मंडळात प्रदर्शनाच्या टेबलावर रिकामे प्लॅस्टिकचे कप्पे आणि एकसारख्या दहाच्या नाण्यांचा ढीग मांडला गेला. लोक वाकून पाहत आणि खोकल्यासारखं करून पुढे सरकत. सुदैवानं श्रीपादच्या खिशात 'योगायोगानं' पेनड्राइव्ह होता. सिंगापूर यंदाही छान झालं. शर्मिष्ठाबाईंच्या फोनची बॅटरी त्याचंच शूटिंग करण्यात संपली.

परतताना अच्युतरावांनी ऑटो थांबवला आणि पिशवीत हात घातला.

"सिक्का नहीं चलता, साहब."

अच्युतरावांनी छाती फुगवली. तोंड उघडलं. तेवढ्यात शेजारच्या चहावाल्यानं कान टवकारले आणि त्याचा हात हळूच गल्ल्याकडे गेला.

अच्युतरावांनी तोंड मिटलं आणि पिशवी खांद्यावर टाकून पायीच समता कॉलनीतल्या घराची वाट धरली.

"अहो, जरा हळू चाला न," मागून शर्मिष्ठाबाई म्हणाल्या. "वाजून राहिले तुम्ही!"