सुलभाताईंचे बास्केटबॉलचे बूट

सुलभाताईंसमोर 'कम्फर्टेबल' हा शब्द काढायचा नाही. मी एकदा काढला.

"कम्फर्टेबल सोफा असतो!" त्या कडाडल्या. "बूट दिसायला हवा!"

इंग्लंडात, मिल्टन कीन्समधल्या या आमच्या शेजारीणबाई. मूळच्या सांगलीच्या, इथल्या हॉस्पिटलात भूल देणाऱ्या डॉक्टर, आता रिटायर्ड आणि एकट्या. पायात कायम जुन्या धाटणीचे, घोट्याच्या वर चढणारे, लाल-पांढरे बास्केटबॉलचे बूट. तळ फळीसारखा सपाट, चामडं पत्र्यासारखं. बास्केटबॉल त्या जन्मात खेळलेल्या नाहीत. उंची पाच फूटसुद्धा नसेल.

"अगं, अख्खी नोकरी भोकाभोकांच्या रबरी चपलांत काढली. पाय भाजीच्या चाळणीसारखे दिसायचे! पुरे झालं."

दुकानातली मुलगी बिचारी इथल्या लाडिक पद्धतीने म्हणाली, "लव्ह, तुमच्या वयाला मऊ सोल बरा." ताईंनी तिला तिथेच झापलं, "तू सोलचं बोल. वयाचं मी बघते."

मंडळाच्या गणपतीला नऊवारीवर तेच बूट. हॉलच्या दारात नाड्या सोडत बसल्या आणि मागे ही रांग! सेक्रेटरी कुरकुरले, तर म्हणाल्या, "देवापुढे जाताना मी बूट काढतेय. देवाची तक्रार नाही, तुमची कसली?"

मला मात्र संताप यायचा. टाचांना चिकटपट्ट्या, चालताना कण्हणं, आणि वर जॉगिंग करणाऱ्यांकडे बघून मोठ्याने मराठीत, "बघ, बघ! पायात पाव घातलेत!" डॉक्टर असून स्वतःच्या पायांचे असे हाल करायचे? बुटांबद्दल मी बोलायचंच सोडलं.

उन्हाळ्यात माझ्या सासूबाई नागपूरहून आल्या. पाय सुजलेले, एकही बूट चढेना. आम्ही दोघं ऑफिसात, त्या दिवसभर खिडकीशी.

एका संध्याकाळी घरी आले, तर सुलभाताई जमिनीवर गुडघे टेकून सासूबाईंच्या पायात बूट चढवत होत्या. राखाडी, रुंद, वेलक्रोचे. गादीसारखे मऊ.

"अंगठा लागत नाही ना काकू? खरं सांगा, भीड नको."

मी बघतच राहिले. "ताई, हे मऊ आहेत!"

"मग? त्यांना फळ्या बांधू?" माझ्यावरच खेकसल्या.

तेव्हापासून रोज चार वाजता दोघी तळ्यापर्यंत जायच्या. एकीचे पाय सुजलेले, दुसरीची टाच सोललेली. हातात हात घालून, थांबत थांबत.

मी सासूबाईंना म्हटलं, "बरं झालं, तुम्हाला सोबत मिळाली."

"मला कशाची सोबत बाप्पा?" त्या हळूच म्हणाल्या. "मी परत जाईन माझ्या गोतावळ्यात. ही बाई दिवसभर कोणाशी बोलते, विचारलंस का कधी?"

सासूबाई परत गेल्या. दुसऱ्या दिवशी मी घरून काम करत होते. चार वाजता बेल वाजली. दारात सुलभाताई.

"काही नाही गं, सहजच," त्या म्हणाल्या. आवाजात नेहमीचा तडाखा नव्हता. "कामात असशील ना?"

"नाही," मी म्हटलं. लॅपटॉप मिटला आणि कोट चढवला.