बोंबीलचं दार

पूर्णा गावातल्या केसरीनाथ तरे यांच्या बोक्याला दाराच्या कुठल्याच बाजूला समाधान नव्हतं. आत असला की त्याला बाहेर जायचं असे आणि बाहेर गेला की आत यायचं असे. दोन्ही वेळेला तो स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी बसून असा काही गळा काढी की रस्त्यावरची माणसं थांबून आत बघत. त्याचं नाव बोंबील. सापडला तेव्हा तो ओल्या बोंबलासारखा लिबलिबीत आणि काटकुळा होता. आता तो हलवा माशासारखा चांगला रुंद झाला होता, पण नाव तेच राहिलं.

दार उघडायचं काम केसरीनाथांकडे. शेतं गोदामांखाली गेल्यापासून त्यांना पहाटे उठायचं काही कारण उरलं नव्हतं, ते बोंबीलने पुरवलं. बायको, काशी, गेल्यापासून घरात ते, मुलगा मनोज, सून मृणाली आणि थोरली विधवा बहीण आक्का अशी चारच माणसं. मनोजची मानकोलीच्या गोदामात ड्युटी असे, मृणाली मूळची कल्याणची म्हणून उशिरा उठे, आणि आक्काचा गुडघा सकाळी कुणाचंच ऐकत नसे.

"बाबा, मांजरासाठी वेगळं दार मिळतं," एका सकाळी मृणाली मोबाइल पुढे करत म्हणाली. "मोठ्या दाराच्या खाली बसवायचं. त्याला वाटेल तेव्हा तो ढकलून येईल, जाईल. तुम्ही झोपा."

आक्का ओट्याशी सुकट निवडत होती. तिने मान वर केली. "मांजराला दार? आता मांजराला पानी तापवून द्या, साबन द्या! आनि सागवानी दाराला भोक पारनार? चोर आला तर?"

"आक्का, एवढ्याशा भोकातून चोर कसा येईल?"

"बारका चोर येल!"

केसरीनाथांनी जांभई दिली. ती इतकी लांबली की तिच्यातच घराचा निर्णय झाला.

मग निवड सुरू झाली. दारं लहान, मध्यम आणि मोठी अशी होती, आणि खाली लिहिलं होतं की मांजराच्या खांद्याची रुंदी मोजा. ब्लाउज शिवायच्या टेपने बोंबील मोजायला चौघंही बसले. मनोजने पुढचे पाय धरले, केसरीनाथांनी मागचे, मृणालीने टेप लावली आणि बोंबीलने त्या टेपचे दोन तुकडे केले. शेवटी आक्का म्हणाली, "मोठाच मागवा. तो काय आता बारीक होनार न्हाय." एवढं बोलून तिनेही दाराच्या बाजूने मत दिल्यासारखं झालं, म्हणून ती दिवसभर चिडलेली राहिली.

दार बसवायला नवशा आला. नवशाने गावातल्या निम्म्या गोदामांना शटरं बसवली होती. त्याने खोकं उघडलं, आतलं पांढरं प्लास्टिकचं दार दोन बोटांत धरलं आणि हसला.

"केसरीशेठ, मी कंटेनर आत जाईल असं शटर बसवतो. हे काय? खेळणं हाय. टेन्शन लेने का नाय."

"नवशाकाका, आधी कागद वाचा," मृणाली म्हणाली.

"वाचला." कागद चिनी भाषेत होता.

नवशाने सागवानाला भोक पाडलं तेव्हा केसरीनाथ गच्चीवर जाऊन उभे राहिले. त्यांना तो आवाज ऐकवेना. पण दार बसलं मात्र झकास. झडपेच्या खालच्या कडेला चुंबक होतं, त्यामुळे ती टक् करून बंद होई. बाजूला एक बारीकसं गोल बटण होतं. झडप हलू नये म्हणून नवशाने काम करताना ते फिरवलं होतं. काम झाल्यावर त्याने ते परत थोडं फिरवलं. कुठे, ते त्यालाही आठवत नव्हतं.

बोंबीलने नवं दार हुंगलं, त्याच्याकडे पाठ केली आणि उघड्या दाराने बाहेर निघून गेला.

"सवय लागेल," मृणाली म्हणाली. "आतल्या बाजूला आवडीचं खाणं ठेवायचं, असं व्हिडिओत सांगितलंय."

दुसऱ्या दिवशी मनोजच्या मित्राचा साखरपुडा होता, मानकोलीच्या पुढे एका हॉलमध्ये. आक्काने गुडघ्याचं कारण सांगून घरीच राहायचं ठरवलं. निघण्यापूर्वी मृणालीने ताटलीभर तळलेली मांदेली झडपेच्या आत ठेवली, मागचं दार लावलं, आणि मंडळी गेली. बोंबील तेव्हा शेजारच्या करिष्माच्या स्कूटरवर झोपला होता.

हॉलमध्ये जेवणाची पंगत बसली होती. डीजे असा वाजत होता की वरण वाटीत थरथरत होतं. तेवढ्यात केसरीनाथांचा फोन वाजला.

"केसऱ्या, कवरी मांजरा आनून ठेवलीस घरान?" पलीकडून आक्का ओरडली.

"काय? मोठ्यानं बोल!"

"मांजरा! पाच-सा हायेत! येतान, पन जातच न्हाईत!"

मृणालीने कपाळावर हात मारला. मांदेलीचा वास गावभर गेला असणार. पण आत आलेली मांजरं बाहेर का जात नव्हती?

"हाकलून दे ना," केसरीनाथ म्हणाले.

"हाकलते, तर हलत न्हाईत. मांदेली संपली तरी सगली सिलिंडरकरं तोंड करून बसलीत. आनि तुमी कुकर लावून गेलात का रं? मगासपासून फुस्स फुस्स आवाज येतं."

केसरीनाथांच्या हातातला घास ताटात पडला. "कुकर नाही लावला. आवाज कुठनं येतंय?"

"सिलिंडरच्या मागनं."

डीजे चालूच होता, पण केसरीनाथांना तो ऐकू येईनासा झाला. "आक्का, गॅस सुटलाय! बटनाला हात लावू नको! दिवा नको, पंखा नको! उठ आनि बाहेर जा!"

"उठू कशी? पायावर मांजार बसलाय. आनि गुरगा धरलाय माझा."

"अगो आक्का, जा गं बाई!"

एवढ्यात फोन बंद झाला. आक्काच्या फोनला चार्जिंग कधीच नसे.

केसरीनाथ हात न धुताच उठले. मनोजने गाडी काढली, पण मानकोली नाक्यावर कंटेनरच्या मागे कंटेनर उभे होते आणि पुढचा ड्रायव्हर खाली उतरून चहा पीत होता. मृणाली नवशाला फोन लावत होती, "काका, तुम्ही जवळ आहात, आधी पोचा!" केसरीनाथांनी गाडीचं दार उघडलं आणि ते रस्त्यावर धावू लागले. रेशमी सदरा, खांद्यावर टोपी-टॉवेलचा आहेर आणि बोटांना रस्सा अशा अवतारात ते फार लांब गेले नसते. पण एका मोटरसायकलवाल्याने ब्रेक मारला.

"क्या हुआ चाचा?"

"घर में गॅस छूटा है. बहन अकेली है."

"मेरी शिफ्ट है, लूम पे जाना है…" त्याने एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा केसरीनाथांकडे. "बैठो, बैठो!"

त्या माणसाने कंटेनरांच्या मधून अशी गाडी काढली की केसरीनाथांनी डोळे मिटले आणि आक्काच्या नावाने गावदेवीला काय काय कबूल केलं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. आई गेल्यावर आक्कानेच त्यांना वाढवलं होतं. काशी गेल्यावर स्वतःचं घर बंद करून ती पुन्हा त्यांच्याकडे आली होती, आणि आल्या दिवशी फक्त एवढंच म्हणाली होती, "जेवलास का?" आपण तिला कधी काही नीट बोललो नाही, दोन गोड शब्दसुद्धा नाही, असं त्यांना त्या मोटरसायकलवर पहिल्यांदा वाटलं.

नवशा त्यांच्याआधी पोचला होता. दोन्ही दारं लागलेली असल्याने त्याने मागच्या दाराशी जमिनीवर आडवं होऊन झडप ढकलली आणि आत तोंड घातलं. "आक्का! घाबरू नका!"

खाली दारातून उगवलेलं ते मिशाळ डोकं बघून आक्काने हाताशी होतं ते लाटणं फेकलं. "बारका चोर! सांगत व्हते मी!" लाटणं नवशाच्या कपाळावर बसलं. त्याने डोकं मागे घ्यायला पाहिलं तर झडप मागे जाईना. ती फक्त आतच उघडत होती आणि आता त्याच्या मानेवर टेकली होती. मुंडकं आत आणि नवशा बाहेर, अशी तऱ्हा झाली. आतली मांजरं मात्र त्याच्याकडे ढुंकूनही बघत नव्हती.

केसरीनाथ पुढच्या दाराला किल्ली लावून धापा टाकत आत शिरले. आक्का खुर्चीत होती, मांडीवर एक काबरी मांजर, आणि जिवंत होती. रागावलेली होती, म्हणजे अगदी धडधाकट होती. त्यांनी खिडक्या उघडल्या. वास काही येत नव्हता, पण आवाज येत होता. लांबलचक फुस्स, मग थांबायचा, मग पुन्हा फुस्स.

सिलिंडरसमोर मांजरांनी अर्धगोल धरला होता. शेपट्या फुगलेल्या. मध्ये एक तांबडा, फाटक्या कानाचा बोका. तो मासळीबाजारातला, कुणाच्याच घरचा नव्हता.

"हट्! चला!" म्हणत केसरीनाथ त्यांना ओलांडून गेले आणि सिलिंडर पुढे ओढायला त्यांनी मागे हात घातला.

तांबडा बोका उडाला. त्यांच्या हातावर त्याने कोपरापासून मनगटापर्यंत चार ओरखडे ओढले. केसरीनाथ बोंबलून मागे फेकले गेले आणि धपकन जमिनीवर बसले. "अरे मेल्या, तुझ्या तर…" शिवी पूर्ण झाली नाही. बसल्यामुळे त्यांना सिलिंडरच्या मागचं दिसलं होतं. तिथे तपकिरी, काळ्या गोल ठिपक्यांच्या माळेचं एक जाडजूड वेटोळं होतं, आणि ते फुस्स करत होतं.

"आक्का," केसरीनाथ अगदी हळू म्हणाले, "कुकर न्हाय. घोनस हाय."

आक्काचा गुडघा त्या क्षणी बरा झाला. ती काबऱ्या मांजरीला उराशी धरून ओटीवर पोचली, ते केसरीनाथांच्याही आधी. नवशाला सगळं ऐकू आलं होतं, पण डोकं आतच होतं. "केसरीशेठ, मला इथं सोडून जाऊ नका! माझं तोंड जमिनीलगत हाय!" पुढच्या दारात थांबलेल्या मोटरसायकलवाल्याने बाहेरून मागे जाऊन नवशाच्याच पेचकसने झडपेची चौकट सैल केली आणि नवशाला मोकळं केलं. मग तो घाईने शिफ्टला निघाला. केसरीनाथांनी त्याला नाव विचारलं, तर "दुआ करना चाचा" एवढंच म्हणून तो गेला.

सर्पमित्र भावेश भिवंडीतून आला. त्याने घोणस काठीने अलगद बरणीत घेतली, मोरीची जाळी बघितली आणि म्हणाला, "जाळी तुटलीय. हिथनं आलाय, आणि आज नाही आलेला, दोन-चार दिवस मुक्काम आहे. तुम्ही अजून वीतभर हात घातला असता ना…" केसरीनाथांनी मान डोलवली आणि आपल्या हातावरच्या रक्ताळलेल्या रेघांकडे बघत राहिले.

"म्हणजे ही मांजरं इथे खाण्यासाठी आली आणि सापासाठी थांबली?" नुकतीच पोचलेली मृणाली म्हणाली. तिने सैल झालेली झडप हातात घेतली, बटण बघितलं आणि ओरडली, "नवशाकाका! हे तुम्ही 'फक्त आत' वर ठेवलंय! आलेलं मांजर बाहेर जाणारच नव्हतं!"

अंगणात तोवर अर्धं गाव जमलं होतं. सगळ्यांनी नवशाकडे पाहिलं. नवशाने कपाळावरच्या टेंगळाला हात लावला आणि छाती पुढे काढली.

"मुद्दाम ठेवलं. मांजर बाहेर गेलं असतं तर साप कोन बघनार व्हता?"

"मला पण असंच दार दे," करिष्मा लगेच म्हणाली. "आत येनारंच. बाहेर जानारं नको." मागून आणखी दोघातिघांनी हात वर केले. मृणालीने खरं सांगायला तोंड उघडलं, तर आक्काने तिचा हात दाबला. "जाव दे गो. त्याच्या कपालाला आधी हलद लाव."

मग आक्का स्वतः फ्रिजमधला सुरमईचा तुकडा घेऊन अंगणात आली. पाहुण्यांसाठी ठेवलेला होता तो. काटे काढून तिने तो मांजरांना घातला, आणि तांबड्या बोक्याला सगळ्यात मधला भाग. बोंबील स्कूटरवरून हा सारा प्रकार बघत होता. त्याने कूस बदलली.

संध्याकाळी इंजेक्शनसाठी केसरीनाथांना दवाखान्यात नेलं. आक्का सोबत गेली, गुडघा पुन्हा दुखत असूनही. वाटेत केसरीनाथ म्हणाले, "आक्का, तू बरी हायस ना?" तिने आश्चर्याने त्यांच्याकडे बघितलं, आणि पदराने त्यांच्या सदऱ्यावरचा रश्श्याचा डाग पुसला.

डॉक्टरांनी केसरीनाथांचा हात धुतला. "फारच जोरात ओरबाडलंय. पाळीव मांजर आहे की भटकं?"

केसरीनाथ सांगणार तोच उत्तर आक्काने दिलं.

"सकालपावत भटका व्हता, डाक्टर. आता आमचा हाय."